नवरा-बायकोचा मसावि

मी उभ्या बाटलीला मत दिलं, असं माझा मोबाइल म्हणाला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की उठवायचं, हे बायकांच्या मतावर ठरतं. दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे झोपवा. गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली तरच दुकान बंद होतं. आमच्या काटेसावळीत तौर शेठचं देशी दारूचं दुकान शाळा आणि माझी पिठाची गिरणी यांच्या मधोमध. दोन वर्षं बायकांनी दारोदार फिरून हे मतदान मागून घेतलं. आणि निकाल काय, तर उभी बाटली जिंकली. तौराने दुकानासमोर फटाके वाजवले. फटाक्यांचा कागद उडून माझ्या दळणात पडला.

आता मतदानाला रांग नसते. घरी बसून मोबाइलवर सहीच्या आकड्याने, म्हणजे सरकारने प्रत्येकाला दिलेल्या डिजिटल सहीने, मत द्यायचं. मत गुप्त राहतं, पण आपलं आपल्याला उघडून बघता येतं. मी उघडलं. उभी बाटली! मी, जिने त्या बाटलीपायी नवरा सोडला!

"तुझं बोट घसरलं असंल," शेजारची लंकाकाकू म्हणाली.

"काकू, तुमचं काय दाखवतं?"

"माझं आडवं. मी काय बोट घसरू देती का?"

शबाना आली. तिचं उभं. तिच्या जावेचं उभं. वडारवाड्यातल्या चौघींचं उभं. बौद्धवाड्यातल्या प्रज्ञाताईंनी तर पहिली सही गोळा केली होती, त्यांचंही उभं. दुपारपर्यंत गिरणीपुढे बायकांची दाटी झाली आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लंकाकाकू विधवा. तिचं मत जागेवर. सुताराची अविवाहित रोहिणी, तिचंही जागेवर. नवरा मुंबईला असलेली आशा, तिचंही. मत पलटलं होतं ते फक्त नवरा घरात असलेल्यांचं.

आणि माझं. मला तर नवरा नव्हता. वर्षभरापूर्वी रीतसर घटस्फोट झाला होता.

बायका तहसीलला गेल्या. तिथल्या साहेबाने सांगितलं, "ताई, ही सही गणिती आहे. अंगठ्याचा ठसा नाही की कुणी धरून उठवला. गणिताला लाच देता येत नाही. घरी भांडणं झाली असतील, मत बदललं असेल."

म्हणजे आम्ही खोट्या आणि आकडा खरा.

गावात गणित येणारा माणूस एकच. योगेश बोडखे, हायस्कूलचे बोडखे सर. माझा घटस्फोटित नवरा. लग्नात मी त्याला अहो म्हणायचे, घटस्फोटानंतर अरे-तुरे करते. कोर्टाने पोटगी दिली नाही, पण हा हक्क मी माझा मीच घेतला.

शाळा सुटल्यावर गेले. तो वर्गात एकटाच बसला होता. त्या वेळी शुद्धीत असायचा.

"योगेश, माझ्या नावाने दुसऱ्याला सही करता येते का?"

तो हसला. मला ते हसू माहीत आहे. वर्गात अवघड गणित सुटलं की तो असाच हसायचा.

"बस," म्हणाला. "सांगतो. मूळ संख्या म्हणजे काय, आठवतं का?"

"जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणी भाग जात नाही. मी बारावी पास आहे."

"तर तुझा सहीचा आकडा म्हणजे दोन मूळ संख्यांचा गुणाकार. साध्यासुध्या नव्हेत, एकेक तीनशे अंकांची. गुणाकार सगळ्यांना उघडा. कुणीही बघावा, तुझी सही तपासावी. पण सही करायला आतल्या दोन संख्या लागतात. त्या फक्त तुझ्या मोबाइलमध्ये. गुणाकारावरून त्या शोधायच्या तर जगातले सगळे संगणक कामाला लाव, सूर्य विझेल पण उत्तर येणार नाही. गुणायला क्षण लागतो, फोडायला युग. सगळा कारभार एवढ्यावर चाललाय."

"मग माझी कशी फुटली?"

त्याने खडू घेतला. फळ्यावर लिहिलं, १८७ आणि २५३.

"समज, हा तुझा आकडा आणि हा माझा. फोडता येत नाहीत असं धर. पण मसावि तर काढता येतो? दोघांना भाग जाणारी सगळ्यात मोठी संख्या. मोठ्यातून लहान वजा कर. सहासष्ट. एकशे सत्त्याऐंशीतून सहासष्ट दोनदा काढ. पंचावन्न. सहासष्टातून पंचावन्न गेले, अकरा. पंचावन्नला अकराने पूर्ण भाग जातो. संपलं. मसावि अकरा. आता अकराने दोघांना भाग. तुझे सतरा, माझे तेवीस. दोन्ही कुलपं उघडी. काहीच फोडावं लागलं नाही, नुसती वजाबाकी. सहाशे अंकांचे आकडे असले तरी मोबाइल डोळ्याचं पातं लवायच्या आत काढतो."

"पण तुझ्या आणि माझ्या आकड्यात सारखी संख्या येईलच कशी? तीनशे अंकी मूळ संख्या काय कमी आहेत?"

"विश्वात कण नाहीत इतक्या आहेत. दोन माणसांच्या वाट्याला एकच येणं अशक्य." त्याने खडू खाली ठेवला. "पण निवडणारा हात एकच असला तर?"

आणि मला ते शिबिर आठवलं.

लग्नाला महिना झाला होता. हातात हिरवा चुडा होता. ग्रामपंचायतीत सहीच्या आकड्याचं शिबिर लागलं होतं. टेबलावर काचेची पाटी आणि प्लास्टिकचं पेन. ऑपरेटर म्हणायचा, पाटीवर मनाला येईल तसं गिरवा. त्या गिरवण्यातून मशीन एक मूळ संख्या काढायचं. दुसरी काढायचं स्वतःच्या तारांमधल्या बारीक खरखरीतून. माणसाचं गिरवणं कधी दुसऱ्यासारखं होत नाही, असं ते मशीन बनवणाऱ्याने धरलं होतं.

त्याने आमचा मुलूख बघितला नव्हता. आमच्याकडे कुणाला म्हणा, मनाला येईल ते गिरव. पहिला हात कुठे जातो? श्रीवर. वहीच्या पहिल्या पानावर श्री, दुकानाच्या गल्ल्यावर श्री, परीक्षेच्या पेपरावर श्री. योगेश तर शिक्षक, त्याने जन्मात हजारो श्री काढले असतील. सगळे छापल्यासारखे सारखे. त्याने स्वतःचा काढला. मग माझी पाळी आली. मी पेनला हात घातला, तर म्हणाला, "हिचं मीच काढतो, उगाच वेळ जाईल." ऑपरेटर खूश. रांग मोठी होती. मला श्री काढता येत नव्हता असं नाही. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. नव्या नवरीने रांगेत बोलायचं नसतं ना!

"कंत्राटदाराने पाटी स्वस्तातली घेतली होती," योगेश सांगत होता. "पेनचा दाब बघत नाही, वेग बघत नाही. फक्त वर, खाली, डावी, उजवी. एका हाताचे दोन श्री तिला एकच वाटले. पहिली संख्या दोघांना एकच मिळाली. दुसरी वेगळी होती म्हणून गुणाकार वेगळे दिसले, नाहीतर मशीन तेव्हाच ओरडलं असतं."

आता माझ्या डोळ्यांपुढे अख्खी रांग उभी राहिली. शबानाच्या नवऱ्याने दोघांचा ७८६ काढला. बौद्धवाड्यात प्रज्ञाताईंच्या नवऱ्याने दोघांचं जय भीम. वडारवाड्यात मरीआईचा त्रिशूल. देव वेगळे, झेंडे वेगळे, पण बायकोचं पेन हिसकावून घ्यायच्या बाबतीत सगळ्यांची एकी. बाबासाहेबांचं नाव काढतानाही बाईचा हात बाजूला सारायचा! तालुक्यातल्या कुठल्या बायकांची सही सुरक्षित राहिली, तर ज्यांच्यामागे त्या दिवशी नवरा उभा नव्हता त्यांची.

"तुला कधी कळलं हे?"

"घटस्फोटाच्या कागदावर. आपले दोन आकडे शेजारी शेजारी छापले होते. मुलांना उदाहरण द्यावं म्हणून सहज मसावि काढला. एक यायला हवा होता. आला तीनशे अंकी."

"आणि कुणाला सांगितलंस?"

तो फळा पुसायला लागला.

"योगेश."

"दुकानात बसलो होतो. तौर म्हणाला, मास्तर, तुमच्या गणिताचा उपयोग काय? म्हटलं, तुझ्या दुकानाचं मतदान मी बसल्या जागी फिरवू शकतो. शेंगदाणे मांडून दाखवलं त्याला. त्याचा भाचा तिथेच होता. पुण्यात संगणकाचं काम करतो. मला वाटलं त्याला काय कळणार."

"काय दिलं तौराने?"

"एक क्वार्टर."

मला ओरडावंसं वाटलं नाही. त्याने माझ्यावर हात उचलला होता तेव्हा मी ओरडले होते. हे त्याहून मोठं होतं. अख्ख्या गावातल्या बायकांचं मत, आणि एक क्वार्टर.

"सुनावणीला ये," मी म्हणाले. "हे असंच सांग."

"येईन. पण सारिका, विचार कर. आपले आकडे जुळतात हे सिद्ध झालं, की त्या आकड्यांनी केलेली प्रत्येक सही रद्द. आपला घटस्फोटही त्याच सह्यांवर उभा आहे." परत ते हसू. "तू परत सौ. बोडखे. मला चालेल."

हेच ते. मला ती मतं परत हवी असतील तर माझी सही खोटी आहे हे मलाच सिद्ध करायचं होतं. आणि ती खोटी ठरली की आयुष्यात मी केलेली एकमेव खरी सहीही खोटी.

निघताना मी माझा मोबाइल त्याच्यापुढे ठेवला. "खऱ्या आकड्यांवर करून दाखव." त्याला शिकवण्याचा सोस. दाखवलं. मसावि कुठे काढायचा, भागाकार कुठे, आणि सहीच्या ॲपमध्ये मूळ संख्या हाताने भरायची सोय कुठे लपवली आहे. मोबाइल हरवलेल्या माणसासाठी ती सोय असते. मी म्हटलं, परत दाखव. परत दाखवलं.

घरी लंकाकाकूला सगळं सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली.

"म्हणजे परत अहो म्हणावं लागंल की गं त्याला."

"काकू, चेष्टा नका करू."

"चेष्टा नाही. मोठ्या मुश्किलीनं सुटलीस. बाटली काय, आज इथं बंद होईल, उद्या फाट्यावर उघडंल. तू तुझं बघ."

काकूचं चूक नव्हतं. शबाना तर रडायलाच आली. तिने भावांशी भांडून आईच्या घराचा हिस्सा घेतला होता, त्याच सहीवर. "सारिका, ते बी जाईल का?" मी म्हटलं, जाईल. सगळ्यांना नव्याने सह्या कराव्या लागतील. ती म्हणाली, "भाऊ परत सही करतील का?" तीन दिवस मी नुसती गिरणी चालवली. पट्टा फिरत होता, पीठ पडत होतं.

ठरलं ते अगदी साध्या गोष्टीने. दळण घेऊन प्रज्ञाताई आल्या. गालावर वळ होता. डबा ठेवून म्हणाल्या, "बारीक दळ." मला वाटलं, हिचा वळ खरा, आणि हिच्या नावावरची उभी बाटली पण खरी मानायची? माझा घटस्फोट माझ्यापुरता. तो मी परत मिळवीन. हे परत कोण मिळवणार?

सुनावणी तहसीलदार मॅडमपुढे होती. खोली बायकांनी भरली होती. योगेश आला, पण तौराच्या गाडीतून. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. तौराच्या वकिलाने त्याला आपला तज्ज्ञ म्हणून उभा केला.

"सर, हा सहाशे अंकी आकडा फोडता येईल का?"

"नाही. पृथ्वीवरचे सगळे संगणक लावले तरी नाही."

"धन्यवाद."

एक शब्द खोटा नव्हता. अर्धंच बोलला, बस. शिकलेल्या माणसाला खोटं बोलायची गरजच पडत नाही, अर्ध्यावर थांबलं की भागतं. तौर मिशीत हसत होता.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमचा तज्ज्ञ कोण?"

"तेच होते," मी म्हणाले. मागे बायका हसल्या. "आता कुणी नाही. मला तुमच्यासमोर दोन मिनिटं मोबाइल वापरू द्या."

"काय करणार?"

"वजाबाकी."

माझ्या मोबाइलचा पडदा भिंतीवर लावला. माझा आकडा उघडला, शेजारी योगेशचा. दोन्ही सरकारी यादीत, कुणालाही दिसणारे. मसाविचं बटण दाबलं. भिंतीवर एक लांबलचक संख्या आली. तीनशे अंक, ओळीमागून ओळ. तिला जगात कुणी भाग देऊ शकत नव्हतं आणि ती आम्हा दोघांना भाग देत होती. माझ्या लग्नाचं सगळ्यात खरं चित्र मी तेव्हा बघितलं. योगेशच्या आकड्याला तिने भागलं, त्याची दुसरी संख्या निघाली. दोन्ही सहीच्या ॲपमध्ये भरल्या. ॲपने विचारलं, कशावर सही करायची?

मी टाइप केलं:

मी, योगेश बोडखे, बायकांच्या सह्या फोडण्याची युक्ती तौर यांना त्यांच्याच दुकानात एका क्वार्टरच्या बदल्यात दिली.

सही दाबली. हिरवी खूण आली. खाली सरकारी अक्षरांत: सही वैध, सही करणारा योगेश बोडखे.

योगेशच्या कपाळावर घाम आला होता. मी त्याच्याकडे बघून म्हणाले, "सर, ही सही तुमची का?"

वकील उठला. "हा काय प्रकार आहे? ही खोटी सही आहे!"

"बसा," मॅडम म्हणाल्या. "खोटी म्हणता, तर तुमच्याच तज्ज्ञाने ती करता येत नाही असं आत्ता सांगितलं. बोडखे, तुम्हीच बोला. ही सही तुमची आहे की नाही?"

माझी म्हणाला असता तर कबुली झाली असती. माझी नाही म्हणाला, तर सही दुसऱ्याला करता येते हे सिद्ध झालं. गणिताच्या मास्तरने दोन्ही बाजूंनी करून बघितलं. उत्तर एकच येत होतं.

"माझी नाही," तो म्हणाला. आवाज खाली. मग, कुणी विचारलं नसताना, "पण जे लिहिलंय ते खरं आहे."

तौर त्याच्या अंगावर धावला, शिपायांनी धरला. बायकांनी जो कालवा केला तो बाजारापर्यंत ऐकू गेला.

मतदान रद्द झालं. मॅडमनी मला जवळ बोलावलं. चांगल्या होत्या. म्हणाल्या, "अशा जुळणाऱ्या आकड्यांवरचे सगळे व्यवहार स्थगित करावे लागतील. तुमचा घटस्फोटही. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"मग काय मॅडम, आधी बाटली आडवी करू."

ती केली. या वेळी कागदावर, शाळेच्या पटांगणात, उन्हात रांग लावून, शिक्का मारून. मोजणी झाली तेव्हा आडवीचा गठ्ठा इतका जाड होता की रबर तुटलं. तौराच्या दुकानाला सील लागलं.

बाकीचं तितकं गोड नाही. शबानाचे भाऊ फिरले. तिच्या घराचा वाद अजून चालू आहे, आणि ती माझ्याकडे दळायला येत नाही. तिचं बरोबर आहे. योगेशला शाळेने निलंबित केलं. तो दोनदा गिरणीच्या दारात येऊन बसला. "कायद्याने मी नवरा आहे," म्हणाला. लंकाकाकूने आतून ओरडून विचारलं, "अहो म्हणू का अरे म्हणू?" तो उठून गेला.

पावसाळ्यानंतर नवं शिबिर लागलं. नवी पाटी, दाब आणि वेग दोन्ही बघणारी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ज्याचं त्यानेच गिरवावं. तरी सवय जात नाही. योगेश माझ्या पुढे होता. दुकान बंद झाल्यापासून त्याचा हात थरथरायचा. तो श्री काढायला गेला, आणि जो काही निघाला तो ज्याचा त्यालाही ओळखू आला नसता. मशीनने ताबडतोब हिरवा दिवा दिला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातून काही तरी खरोखर बेभरवशाचं आणि कामाचं निघालं होतं.

ऑपरेटरने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "सर, बाईंचं तुम्ही..."

मी पेन घेतलं. माझाही हात आपोआप श्रीकडेच वळला, खोटं कशाला सांगू. अर्धा काढून झाल्यावर थांबले. डोळे मिटले आणि जसा हात जाईल तसा जाऊ दिला. गिरणीचा पट्टा, चुड्याचे तुकडे, काय काय ते. ऑपरेटर म्हणाला, "बाई, बास, भरपूर झालं."

"थांब अजून," मी म्हणाले.

नवा आकडा आला. सहाशे अंक. घरी गेल्यावर मी तो यादीतल्या सगळ्या आकड्यांशी तपासला. मसावि एक. सगळ्यांशी एक.

पण ते नंतर. तिथे ऑपरेटर म्हणाला, चाचणीसाठी एक सही करा, कशावरही. माझ्याकडे कागद तयार होता. परस्पर संमतीने घटस्फोट. मी तो पाटीवर उघडून पेनने माझ्या रकान्यात सही दाबली, हिरवी खूण आली. योगेश शेजारीच उभा होता. बघत होता.

"माझीही लागेल," तो म्हणाला.

"लागेल."

"मी नाही केली तर?"

"तर कोर्ट आहे. वर्षं जातील. जाऊ देत." मी पेन पाटीवर ठेवलं. "त्या दिवशी भिंतीवर तुझी सही माझ्या हातात होती. घर लिहून घेतलं असतं, हाच घटस्फोट परत करून टाकला असता, तुला कळलंही नसतं. मी एकच ओळ लिहिली. खरी होती ती."

मागची रांग कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, "ओ सर, सरका की."

मी पेन उचलून त्याच्या हातात दिलं नाही. ते पाटीवर पडलं होतं. हात त्याचा त्यानेच पुढे करायचा होता.